सोनिका खरोखरच कामावर गेली

आमच्या नंदनवन वस्तीतल्या गल्लीत आईबापांना तोंड दाखवायला जागा न ठेवणारी मुलं बरीच झाली. एकाने पळून जाऊन लग्न केलं, एकाने न पळता केलं. पण मधुकररावांच्या सोनिकाने जे केलं त्याला तोड नाही. कॉलेजने तिला ट्रेनिंगला जायला सांगितलं आणि ती गेली.

आता यात एवढं काय, असं बाहेरगावच्या माणसाला वाटू शकतं. म्हणून सांगतो. सोनिका बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. अभ्यासक्रमात असं ठरलं आहे की मुलांनी नुसती पुस्तकं घोकू नयेत, शिकता शिकता एखाद्या कंपनीत जाऊन चार महिने प्रत्यक्ष काम करावं आणि त्याचे मार्क मिळवावेत. कल्पना उत्तम आहे. त्यामुळे समाजाने तिचा लगेच बंदोबस्त केला. प्रत्येकाला एक मामा असतो. ज्याला नसतो त्याच्या मित्राला असतो. मामाचा काहीतरी धंदा असतो, धंद्याचं लेटरहेड असतं. लेटरहेडवर सर्टिफिकेट येतं, सर्टिफिकेट फाइलला लागतं. मुलं घरी झोपतात, मामा आपल्या कामात राहतो, कॉलेजची फाइल फुगते. कोणाचंही नुकसान नाही.

सोनिकाचा मामा जितेंद्र. त्याचा बुटीबोरीला पुठ्ठ्याचे खोके बनवायचा छोटा कारखाना आहे, आईच्या नावाने, ‘पंचफुला बॉक्स इंडस्ट्रीज’. संक्रांतीला तो तीळगूळ घेऊन बहिणीकडे आला आणि तिळगुळाबरोबर सर्टिफिकेटही घेऊन आला.

“हे घे वं सोनू. झालं तुझं काम.”

सोनिकाने वाचलं. कुमारी सोनिका यांनी आमच्या कंपनीत जानेवारी ते एप्रिल या काळात अत्यंत निष्ठेने काम केले असून त्यांचे नेतृत्वगुण वाखाणण्याजोगे आहेत.

“मामा, आज तर संक्रांत आहे. मी एप्रिलपर्यंत काम केलं?”

“घेऊन ठेव ना. एप्रिलमंदी मले कुठं टाइम राहते? सीझन राहते.”

मधुकरराव हसले, सोनिकाची आई कामिनीवहिनी हसल्या, मीही हसलो, कारण तिळगुळाला मीही होतो. हसला नाही तो दुर्गेश, सोनिकाचा मोठा भाऊ. त्याला कारण होतं. दुर्गेशने एम.बी.ए. केलं तेव्हा त्यालाही याच मामाने असंच सर्टिफिकेट दिलं होतं. पुढे पुण्याला एका कंपनीत मुलाखतीला बोलावलं. विचारलं, या कारखान्यात तुम्ही काय केलंत? दुर्गेश म्हणाला, टीमवर्क. त्यांनी विचारलं, टीममध्ये कोण कोण होतं? दुर्गेशने खूप विचार करून सांगितलं, मी.

तेव्हापासून दुर्गेश वडिलांच्या इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात बसतो, आणि गिऱ्हाईक आलं की उठून आत जातो. गिऱ्हाइकाशी बोलायची त्याला भीती वाटते. मधुकररावांना ते दिसतं, पण ते म्हणतात, पोरगा शांत आहे.

सोनिकालाही ते दिसत होतं. त्या दिवशी पाहुणे पांगल्यावर ती मला म्हणाली, “काकाजी, मले दादासारखं आत जाऊन बसायचं नाही. डिग्री हातात पडायच्या आत मले एक तरी काम असं येऊ दे, का कोणी विचारलं तर सांगता येईल.”

मी म्हटलं, चांगला विचार आहे. तरुण मुलांच्या चांगल्या विचारांना मी नेहमीच पाठिंबा देतो. ते विचार अमलात येतात असा तोपर्यंतचा अनुभव नव्हता.

सोमवारी सकाळी सोनिका डबा घेऊन बुटीबोरीच्या बसमध्ये बसली.

मामा कारखान्याच्या दारात फोनवर बोलत उभा होता. भाचीला पाहून त्याने फोन खाली केला.

“काहून आली वं? घरी बरं आहे ना सगळं?”

“हाव. ट्रेनिंगले आली.”

“कायच्या?”

तिने सर्टिफिकेट पुढे केलं. “तुम्हीच लिहून दिलं ना. जानेवारी ते एप्रिल. जानेवारी चालू आहे.”

“अवं, ते लिहायचं राहते!”

“मग करायचंही राहत असंन.”

मामाने त्या वर्षी एवढ्या पोरांना सर्टिफिकेटं दिली होती की सगळी आली असती तर कामगारांना रस्त्यावर उभं राहून खोके चिकटवावे लागले असते. पण त्यातलं एखादं खरंच येईल ही शक्यता त्याच्या मनाला शिवली नव्हती. ऑफिसात खुर्च्या दोन. एकीवर तो बसायचा, दुसरीवर त्याचे पाय. त्याने पाय खाली घेतले. या धंद्यात त्याने तोवर केलेला हा सगळ्यात मोठा त्याग.

मग त्याने बहिणीला फोन लावला. “ताई, तुझी पोट्टी इथं येऊन बसली.”

“मग बसू दे ना. येईल संध्याकाळी.”

“बसली तर बसली वं बाई, काम मांगून राहिली!”

काही दिवस मामाने तिला प्रेमाने वागवलं. चहा दिला, वायफायचा पासवर्ड दिला, दुपारी समोसे मागवले. नेतृत्वगुण असलेल्या मुलीला याहून जास्त काय लागतं? पण सोनिका समोसा खायची आणि विचारायची, “आता काय करू?” शेवटी मामाने कंटाळून टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला.

“हे फोन घेत जा. कोणीही असो, काहीही विचारो, एकच सांगायचं. गाडी निघाली.”

“निघाली नसंन तर?”

“तरी निघाली.”

आपल्याकडे मालाची गाडी ही निघालेलीच असते. माल बनायचा असो, कागद यायचा असो, ड्रायव्हर साळ्याच्या लग्नाला गेलेला असो, गाडी निघालेली असते. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो ‘ठीक आहे’ म्हणतो आणि मनात दोन दिवस जास्तीचे धरतो. सांगणाऱ्याला ते दोन दिवस ठाऊक असतात, म्हणून तो तिसरा दिवस घेतो. अशा परस्पर विश्वासावर सगळा व्यापार सुरळीत चाललेला आहे.

पहिलाच फोन जरीपटका बाजारातल्या पापडवाल्या शेटचा.

“गाडी निकली क्या?”

सोनिकाने खिडकीतून पाहिलं. टेम्पो अंगणात होता, आणि टेम्पोत ड्रायव्हर देवराव तोंडावर दुपट्टा घेऊन झोपला होता.

“नहीं निकली अंकल. खोके अभी गीले हैं.”

शेटच्या उभ्या आयुष्यात असं उत्तर त्याला कोणी दिलं नव्हतं.

“बेटा, नई हो क्या?”

“हां.”

“जितूभाई को दो.”

मामाने फोन कानाला लावला आणि मग कानापासून लांब धरला. ठेवल्यावर म्हणाला, “धंदा बुडवतं काय वं माझा?”

“मग कधी सुकतीन ते सांगा. मी तेच सांगतो त्याईले.”

खोके कधी सुकतात हे मामाला माहीत नव्हतं. कधी लागलंच नव्हतं. खोटं बोलायचं असलं की माहिती काहीच लागत नाही, ही त्या धंद्यातली मोठी सोय होती. खरं सांगायचं तर उठून आत जावं लागतं.

सोनिका उठून आत गेली. खळ लावायच्या मशीनवर पार्वतीबाई होत्या.

“बाई, हे किती वेळात सुकते?”

“सुकलं का सुकते,” पार्वतीबाई म्हणाल्या आणि परत कामाला लागल्या.

तेव्हा सोनिकाने स्वतःच दर तासाने पुठ्ठ्यावर तळहात ठेवून पाहायला सुरुवात केली. दोनचार दिवसांत तिला अंदाज आला. अंदाज आला असं वाटून तिने शेटला छातीठोकपणे सांगितलं, शुक्रवारी सकाळी गाडी निघेल. गुरुवारी आभाळ भरून आलं आणि पुठ्ठा ओलाच राहिला. म्हणजे खरं बोलणाऱ्या मुलीचंही बोलणं खोटं ठरलं. मामाला फार आनंद झाला. “पाह्य! म्हणून म्हणतो, निघाली म्हणावं अन् मोकळं व्हावं.”

सोनिकाने शेटचा फोन यायची वाट पाहिली नाही. आपणच लावला. “अंकल, मैंने शुक्रवार बोला था, गलत बोला. बादल आ गए. शनिवार दोपहर.” शेट ओरडला. ती ऐकत राहिली. तो दमला, तिने विचारलं, “शनिवार चलेगा?” शनिवारी गाडी निघाली. एवढी साधी गोष्ट, पण फोन लावायच्या आधी तिने सगळं वाक्य कागदावर लिहून काढलं होतं, असं तिनेच मला सांगितलं. दुसऱ्या वेळी कागद लागला नाही.

सगळंच काही असं झकास चाललं नाही. फेब्रुवारीत तिने अगरबत्तीवाल्यांचे खोके जरीपटक्याला आणि पापडाचे अगरबत्तीवाल्यांना पाठवून दिले. मामा म्हणाला, देवरावच्या नावावर टाक, ड्रायव्हर कशासाठी असतो? ती देवरावशेजारी टेम्पोत बसून जरीपटक्याला गेली, भर बाजारात स्वतः खोके मोजून परत चढवले आणि शेटला म्हणाली, चूक माझी. शेटने तिला आधी झाप झाप झापलं आणि मग पापडाचं एक पाकीट दिलं. देवराव वाटेत म्हणाला, “पोरी, चूक घ्यायले कोणी एवढं लांब येते का? घरपोच येते ना ती.”

मार्च लागेपर्यंत एक चमत्कार झाला. कारखान्याचा फोन कमी वाजू लागला. मामा घाबरला, धंदा बसला की काय. मग त्याच्या ध्यानात आलं, ज्याला एकदा खरं सांगितलं तो दिवसातून पाच वेळा विचारत नाही. आता ज्याचा येई तो म्हणे, “उस लडकी को दो.” मामाचे पाय अजून जमिनीवरच होते. पण त्याची तक्रार राहिली नव्हती.

इथे गोष्ट संपली असती तर ती पाठ्यपुस्तकात लागली असती. पण सोनिकाच्या वर्गातल्या पिंकीने तिचा टेम्पोतला फोटो स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, ‘मेरी दोस्त सच्ची में जाती है’. तो फोटो ढोमणे सरांनी पाहिला. हे ढोमणे सर कॉलेजच्या ट्रेनिंग विभागाचे प्रमुख. त्यांनी सोनिकाला बोलावून घेतलं.

“तू रोज जाऊन राहिली म्हणे?”

“हो सर.”

“कोणाच्या परवानगीनं?”

“तुम्हीच म्हटलं होतं सर, प्रत्यक्ष अनुभव घ्या.”

“ते आम्ही सर्वांनाच म्हणतो.” सरांनी दार लोटून घेतलं. “हे पाह्य, इथल्या हजेरीत तू रोज हजर आहेस. आम्हीच लावली, तुमचं नुकसान नको म्हणून. आता तू तिथंही हजर. एक मुलगी दोन जागी कशी राहीन? दुसरी गोष्ट. रजत, पिंकी, अजून कितीक जण त्याच कंपनीत आहेत. परीक्षेले बाहेरचे परीक्षक येतीन. त्याईनं तुले विचारलं, तिथं ट्रेनिंगले कोण कोण होतं, तर काय सांगशील?”

“मी एकटीच होती.”

“हेच! हेच तर!” सर कपाळाला हात लावून म्हणाले. “बेटा, तुझ्यापाशी सर्टिफिकेट आहे. आजपासून घरी बस, आराम कर, ते सर्टिफिकेट जमा कर. पूर्ण मार्क देतो. नाही तर शून्य. शून्य म्हणजे डिग्री अडकली. सगळ्या मैत्रिणी पुढं, तू मागं. विचार कर.”

“केला सर,” सोनिका म्हणाली. “उद्या माल जाऊन राहिला, मले जावं लागंन.”

त्या संध्याकाळी मधुकरराव माझ्या ओसरीवर येऊन बसले. चेहरा पडलेला.

“भाऊ, तुम्ही सांगा तिले. तुमचं ऐकते.”

“काय सांगू?”

“हेच की...” मधुकरराव अडले. “की कामाले जाऊ नको म्हणून.”

“का जाऊ नको म्हणून सांगू?”

“कारण का...” ते पुन्हा अडले. बराच वेळ त्यांनी वाक्याची जुळवाजुळव केली. त्यांना असं काहीतरी म्हणायचं होतं की प्रामाणिकपणे काम केलं तर मुलगी वाया जाईल. पण मोठ्याने म्हणायला गेलं की ते कसंसंच ऐकू येई. शेवटी म्हणाले, “सर्वेच करते ना गा! आपलीच पोट्टी काहून आडवी?”

मी सोनिकाला हाक मारली. ती आली आणि दारातच उभी राहिली.

“बाबा, तुम्ही दादाले पाहता ना रोज?”

“त्याचं काय?”

“त्याले कोणी म्हटलं नाही, जा म्हणून. मले तर कॉलेजनं म्हटलं. मी काहून नको जाऊ?”

मधुकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी पानपुड्याकडे पाहिलं. सुपारी कातरायची असली की मला कोणाचीच बाजू घ्यावी लागत नाही.

ढोमणे सरांनी मामालाही फोन केला. पुढच्या वर्षीपासून तुमचं सर्टिफिकेट घेणार नाही, म्हणाले. मामाचा जीव घाबरा झाला. सर्टिफिकेट बंद म्हणजे सोयरेधायरे बंद. त्याने सोनिकाला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. ती आली. त्याने तिची खुर्ची आत नेऊन ठेवली. तिने उभ्याने फोन घेतले. दुपारपर्यंत मामालाच अवघडल्यासारखं झालं आणि त्याने खुर्ची परत आणली.

“मामा,” ती बसत म्हणाली, “ते पहिलं सर्टिफिकेट मी फाडलं. दुसरं द्या. मी सांगतो तसं लिहा.”

एप्रिलमध्ये मामाने ते लिहिलं. ‘कु. सोनिका यांनी फोन घेतले. माल कधी निघेल ते आत जाऊन पाहून गिऱ्हाइकांना कळवले. एकदा अंदाज चुकला, तो त्यांनी स्वतः फोन करून सांगितला. एकदा चुकीचे खोके पाठवले, ते स्वतः जाऊन परत आणले.’

“नेतृत्वगुण टाकू का?” मामाने आशेने विचारलं. “खाली जागा आहे.”

“नको.”

परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळेच घरी अस्वस्थ. आत काय झालं ते सोनिकाने नंतर सांगितलं, आणि पिंकीने दाराला कान लावून ऐकलं होतं तेही त्याच्याशी जुळलं.

परीक्षक बाहेरगावचे, वयस्कर. उन्हाळ्याचं जेवण झालेलं. रजतला विचारलं, काय शिकलात? टीमवर्क. पिंकीला विचारलं. लीडरशिप. परीक्षकांचे डोळे मिटत आले होते. सोनिकाचा कागद त्यांनी असाच पुढे ओढला आणि एकदम सरळ बसले.

“चुकीचे खोके? हे कोणी लिहिलं?”

“मामांनी. मी सांगितलं लिहायले.”

“का?”

“पाठवले होते म्हणून.”

परीक्षकांनी मग तिला बरंच विचारलं. पुठ्ठा किती वेळात सुकतो, आभाळ असलं तर काय, गिऱ्हाईक ओरडायला लागलं तर काय करता. “ओरडू देते,” सोनिका म्हणाली. “मधात बोललं का तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.” परीक्षक हसले. त्यांच्या घरी अनुभव असावा.

तेवढ्यात ढोमणे सर पुढे झाले. “सर, हे सर्टिफिकेट आपल्या नमुन्यात नाही. नमुन्यात निष्ठा पाहिजे, नेतृत्व पाहिजे. शिवाय उमेदवार त्या काळात कॉलेजमध्ये हजर होती, आमची हजेरी आहे. हे मान्य केलं तर हजेरी खोटी ठरते.”

परीक्षकांनी चष्मा पुसला. मुलीला काम येतं हे त्यांना दिसत होतं, पण परतीची गाडीही होती आणि कॉलेजचा चहाही यायचा होता. ते म्हणाले, “मग तुमच्या नियमात काय बसतं ते बघा.”

ढोमणे सर सोनिकाकडे वळले. आवाज मऊ केला. “अजूनही वेळ आहे, बेटा. मामाले फोन लाव, जुन्या नमुन्यात एक प्रत मागव. व्हॉट्सॲपवर चालेल. नाही तर मले नाइलाजानं नापास करावं लागंन.”

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर पिंकी उभी होती, ती पास होणार होती. घरी आईने शिरा करायला रवा काढून ठेवला होता.

“सर, एक विचारू? ट्रेनिंगमध्ये नापास झालं तर काय करावं लागते?”

“काय म्हणजे? पुन्हा करावं लागते. चार महिने. पहिल्यापासून.”

“तेच? ट्रेनिंगच?”

“हो.”

“मग करा नापास.”

ढोमणे सरांची नोकरी पंचवीसेक वर्षांची. या शिक्षेला घाबरत नाही अशी विद्यार्थिनी त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी परीक्षकांकडे पाहिलं. परीक्षक चहाच्या दिशेने पाहत होते. शेवटी सरांनी शून्य लिहिलं, दोनदा गिरवलं, आणि सोनिका ‘थँक यू सर’ म्हणून बाहेर आली. तिला टोमणा मारायचा नव्हता. वळणच तसं आहे.

रजत पास झाला, पिंकी पास झाली. कॉलेजने महिनाभरात सूचना लावली की विद्यार्थ्यांनी पूर्वपरवानगीशिवाय प्रत्यक्ष कामावर जाऊ नये.

घरी मात्र त्या संध्याकाळी वातावरण कठीण. कामिनीवहिनींनी शिरा केला, कारण रवा भाजून झाला होता. तो कोणी खाल्ला नाही, मी सोडून. मधुकरराव येरझाऱ्या घालत होते.

“इतवारीत काय तोंड दाखवू? लोक विचारतीन, पोरगी कायमंदी नापास झाली. काय सांगू?”

“सांगा, कामाले गेली म्हणून,” सोनिका म्हणाली. ती दुसऱ्या दिवसाचा डबा घासत होती. ट्रेनिंग संपताच मामाने तिला पगारावर ठेवलं होतं. ती निदान खोटं सर्टिफिकेट मागणार नाही, याचीच त्याला केवढी शांती.

“हे काय सांगणं झालं?”

“सांगून तर पाहा.”

दुसऱ्या दिवशी मी चमचे घ्यायच्या निमित्ताने इतवारीत गेलो. चमच्यांची मला गरज नव्हती. मधुकरराव गादीवर बसले होते. शेजारचे कापडवाले आले आणि त्यांनी विचारलंच, “मधुकरराव, पोरीचा रिझल्ट काय गा?”

“नापास,” मधुकरराव खाली मान घालून पुटपुटले. “कामाले गेली म्हणून.”

“कामाले गेली म्हणून? असं कसं?”

“तसंच आहे.”

मग धान्याचे दलाल आले. त्यांनाही तेच सांगितलं, जरा ऐकू येईल असं. तिसऱ्या माणसाने तर विचारलंही नव्हतं. तो बिचारा पातेलं घ्यायला आला होता. मधुकररावांनी पातेलं बाजूला ठेवलं, मान वर केली आणि समोरच्या दुकानापर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाले, “माझी पोरगी नापास झाली. कामाले गेली म्हणून. सर्व्या वर्गात एकटी!”